बोळाचं अपील

नांदेड,
३ मार्च १९८३

प्रिय वीरभद्र,

शरणु शरणार्थी, नमस्कार. हे पत्र वाचून झालं की गल्ल्यात ठेवू नकोस, चुलीत घाल. गुरम्मावहिनींना सांगितलंस तर चालेल, त्यांच्या पोटात गोष्ट राहते. तुझ्या पोटात भाकरीसुद्धा दुकानात पोचेपर्यंत राहत नाही, हे हैदराबादला एका खोलीत राहिल्यापासून मला माहीत आहे.

दिवाळीच्या सुमारास मुख्य न्यायमूर्तींनी मला बोलावून घेतलं होतं. उच्च न्यायालयात न्यायाधीश म्हणून माझं नाव सुचवावं असं त्यांच्या मनात आहे, माझी संमती आहे का, असं त्यांनी विचारलं. मी दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी संमतीपत्रावर सही केली. त्यानंतर चार महिने कुणाशी बोललो नाही, कारण बोलायचं नाही असं त्यांनी सांगितलं होतं. आता कागद राज्य सरकारकडे गेले आहेत, तिथून दिल्लीला जायचे आहेत. गुप्तपणे चौकशी होईल म्हणतात. माणूस कसा आहे, वकिली कशी चालते, हे त्याच्या गावात विचारतात. माझं गाव म्हणजे लातूर, तेव्हा तिकडे कुणी आलं तर आश्चर्य वाटून घेऊ नकोस.

मला ते पद हवं आहे. हे तुला लिहिताना लाज वाटत नाही, म्हणून तुलाच लिहितो. अठ्ठावीस वर्षं एकाच बाजूनं बोललो. आता एकदा दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात आणि मग बोलावं, असं वाटतं.

इकडे गोदावरीत वाळू जास्त आणि पाणी कमी. विष्णुपुरीला नदी अडवायचं काम चाललंय. अडवायला नदी असली म्हणजे झालं.

तुझा,
ईश्वरप्पा


लातूर,
४ मार्च १९८३

प्रिय ईश्वर,

शरणार्थी. तुझं पत्र नाही, निरोप नाही. तरी आम्ही इकडे तुझी राखण करून राहिलो. काल तुझ्यावर एवढा मोठा उपकार केलाय की तू आता जन्मभर माझी कामं फुकट केलीस तरी फिटायचा नाही. (तशी तू आजवरही फुकटच केलीस, पण ते मी जाहीरपणे कबूल करत नाही.)

काल दुपारी गोलाईच्या बाजारात व्यंकटच्या हॉटेलात एक पाहुणा येऊन बसला. सफारी, केस बारीक कापलेले, पायांत आरशासारखे तपकिरी बूट. लातुरात आज प्यायला पाणी नाही, आणि हा बूट चमकवून फिरतो, म्हणजे सरकारी, हे मी दुकानातूनच ओळखलं. चहा मागवला आणि हळूच विचारतो, ईश्वरप्पा हालकुडे वकील इथलेच ना? वकिली कशी आहे त्यांची? येणं-जाणं कुणाचं असतं?

व्यंकट चहा गाळता गाळता थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी शरणप्पा कापडवाल्याकडं पाहिलं, आणि सगळ्यांना एकदम उमगलं की इन्कमटॅक्सचा माणूस तुझ्या मागावर आहे. पुढं काही ठरवावं लागलं नाही. व्यंकट म्हणाला, "ते वकील? सायेब, त्यांची एक केस लागत न्हाई. आमच्या चुलत्याची जमीन त्यांच्या हातानंच गेली." (तुझ्याच हातानं वाचली, हे तोही जाणतो, चुलताही जाणतो.) शरणप्पानं सांगितलं की तुझ्याकडं पक्षकार फिरकत नाहीत, दिवसभर ओसरीवर माशा मारत बसतोस. मी मात्र जुना दोस्त म्हणून जरा सभ्यपणे बोललो. म्हटलं, माणूस बरा आहे, पण कायद्यात फारसं गम्य नाही. कॉलेजात माझ्या वहीवर पास झाला.

तो सगळं लिहून घेत राहिला. जाताना चहाचे पैसे काढले, व्यंकटनं घेतले नाहीत. आता पाच वर्षं तुझ्या वाऱ्याला कुणी उभा राहत नाही.

दुसरं. माळेवाडीची कावेरीबाई म्हणून एक बाई तुझ्याकडं माझी चिठ्ठी घेऊन येईल, तिला नाही म्हणू नकोस. माळेवाडीच्या बायका पाझर तलावावर माती उचलत होत्या. ऑगस्टात नवा जिल्हा झाला. आपण गोलाईत पेढे वाटले, आणि तिकडं त्यांचं काम बंद पडलं. तहसिलात गेल्या तर कारकून म्हणतो, तुमची कामाची मागणी जुन्या जिल्ह्यात नोंदलेली, ती तिकडंच राहिली. आता नव्या जिल्ह्यात नव्यानं मागा. नव्यानं मागितलं तर म्हणतो, नवा शिक्का यायचाय. मागेल त्याला काम असा कायदा आहे म्हणतात. या मागून मागून दमल्या. सरकारवर दावा ठोक. तालुक्याचं नाव पत्रात लिहीत नाही, तहसीलदार आपल्या दुकानचा गिऱ्हाईक आहे.

तुझा उपकारकर्ता,
वीरभद्र


लातूर,
८ मार्च १९८३

ईश्वर,

तुझं तीन तारखेचं पत्र आज आलं. माझं चारचं पत्र तुला कालच मिळालं असेल. टपालखात्यानं जन्मात एकदा घाई केली ती नेमकी नको तेव्हा.

पत्र चुलीत घातलं. मागोमाग मीही चुलीत जावं असं गुरम्माचं मत पडलं.

आता काय करू ते सांग. तो बूटवाला कोणत्या कचेरीतला होता ते शोधू? त्याला गाठून सांगू की साहेब, आम्ही सगळं उलटं बोललो? शरणप्पाला मी फक्त एवढंच सांगितलं की तो इन्कमटॅक्सवाला नव्हता. बाकी त्याचं त्यानंच ओळखलं. (मी सांगितलं नाही. माझा चेहरा पाहून ओळखलं.) तो दुकान अर्धं उघडं टाकून मठात जाऊन बसलाय. व्यंकट म्हणतो, आपण मुंबईला जाऊ, मंत्र्याला भेटू, सही करून देऊ.

आणि त्या कावेरीबाईला परत पाठव. तुझ्याबद्दलचा अभिप्राय सरकार लिहिणार, आणि तू त्याच महिन्यात सरकारवर दावा लावणार? माझी चिठ्ठी फाडून टाक. ती बाई दुसरा वकील बघेल. नांदेडात वकिलांचा दुष्काळ नाही.

वीरभद्र


नांदेड,
१४ मार्च १९८३

प्रिय वीरभद्र,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचून मी बराच वेळ हसलो. आमच्या उमादेवीला वाटलं काही आनंदाची बातमी आहे, तिनं साखर काढली.

घाबरू नकोस. जे बोललात ते बोललात. आता त्यावर काहीही करायचं नाही. मुंबईला कुणी जायचं नाही, कुणाला भेटायचं नाही, एकाही कागदावर एकाही माणसानं सही करायची नाही. ज्याच्यासाठी शिष्टमंडळ गेलं तो माणूस त्या खुर्चीवर बसायला लायक राहत नाही. उद्या त्या शिष्टमंडळातल्या एकाचा दावा समोर आला तर? एक माणूस जरी मुंबईच्या गाडीत बसला, तर मी संमती मागं घेतो. ही धमकी नाही, माहिती आहे.

तू विचारलं नाहीस, पण विचारशील म्हणून सांगतो. मुख्य न्यायमूर्तींना मी पसंत असलो तरी तेवढ्यानं भागत नाही. नेमणुकीआधी सरकारनं त्यांचा सल्ला घ्यायचा, असं घटनेत आहे. घेतलेला सल्ला पाळलाच पाहिजे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढं आला होता. सव्वा वर्षापूर्वी निकाल झाला, की विचारलंच पाहिजे, पण ऐकलंच पाहिजे असं नाही. शेवटचा शब्द सरकारचा. मला हा अर्थ पटला नाही. पण तो देणारी माणसं माझ्याहून शहाणी आहेत, आणि त्यांनी कारणं दिली आहेत. मला न पटलेला निकाल मी न्यायाधीश झालो तरी पाळायचाच आहे.

कावेरीबाई येऊन गेली. तुला माझी सवय माहीत आहे, पक्षकार आला की आधी मी विरुद्ध बाजू मांडतो, तो काय म्हणतो ते बघतो. मी सरकारच्या वतीनं तिला सांगितलं की मागणी जुन्या जिल्ह्याकडं केली, तेव्हा काम देण्याचं बंधन जुन्या जिल्ह्यावर; नव्याचा काय दोष? ती उठून उभी राहिली. म्हणाली, "तू वकील हाय का तहसीलदाराचा जावाई? वीरभद्रसावकारानं मला चुकीच्या घरी धाडलं." आणि चप्पल घालायला लागली. उमादेवीनं धरून बसवलं, ताक दिलं.

मी वकीलपत्र घेतलं आहे. कायदा वाचताना पहिल्यांदा विचारायचं, हा केला कशासाठी. कोणतं दुखणं बघून केला. मग शब्दांकडं जायचं. हा कायदा दुष्काळात हाताला काम मिळावं म्हणून केला. तो दुष्काळातच, आणि तेही नकाशात रेघ बदलली म्हणून थांबतो, असा अर्थ काढला तर कायदा करणाऱ्यांनी तो कशासाठी केला हे त्यांनाही सांगता येणार नाही.

दुसरा वकील बघ म्हणतोस. तिला काय कारण सांगू? मला न्यायाधीश व्हायचंय, तेव्हा तू न्याय दुसरीकडं माग?

गुरम्मावहिनींना शरणार्थी. तुला चुलीत घालायला मात्र माझी हरकत आहे.

तुझा,
ईश्वरप्पा


लातूर,
११ एप्रिल १९८३

प्रिय ईश्वर,

तुझं पत्र आलं तेव्हा शिष्टमंडळ जीपमध्ये बसलेलं होतं. शरणप्पाच्या मांडीवर हार, व्यंकटच्या मांडीवर चिवड्याचा डबा. मी जीपसमोर उभा राहिलो आणि तुझी 'माहिती' मोठ्यानं वाचून दाखवली. सगळे गुमान उतरले. शरणप्पा म्हणाला, "असला कसला वकील, जो आपल्याच बाजूनं बोलू देत न्हाई?" पण सगळ्यांत आधी तोच उतरला होता. हार सिद्धेश्वराला घातला. चिवडा आम्ही खाल्ला.

मग सगळ्यांनी ठरवलं की आपण जायचं नाही, पण ते लोक पुन्हा चौकशीला आले तर खरं ते सांगायचं. खरं सांगायला तुझी मनाई नाही ना?

आणि देवानं ऐकलं. परवा दोघं आले. वयस्क, पांढरं धोतर, कपाळावर विभूती. व्यंकटच्या हॉटेलात बसले आणि विचारलं, ईश्वरप्पा वकिलांचं घराणं कसं? माणूस कसा? म्हटलं वा, या खेपेला सरकारनं आपल्यातलीच माणसं पाठवली. व्यंकटनं स्पेशल चहा टाकला. सांगितलं की असा माणूस लातूरच्या मातीत दुसरा नाही. सख्ख्या साडूची केस खोटी निघाली तर त्याचं वकीलपत्र तोंडावर फेकलं. शरणप्पानं सांगितलं की तू पक्षकाराच्या लग्नाला जात नाहीस, गेलास तर जेवत नाहीस, आहेर घेत नाहीस. मी शेवटी कळस चढवला. म्हटलं, सोयरा दारात आला तरी आधी विचारतो की तुमचा काही दावा चालू आहे का? असला तर ओसरीवरूनच परत. नात्याचा त्याला काही पाझर म्हणून नाही.

पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं. चहा अर्धा ठेवला. त्यांतला थोरला उठताना मला बाजूला घेऊन विचारतो, "मुलगी बापावर गेलीय का हो?"

ईश्वर, ते उदगीरहून आले होते. दानम्माचं स्थळ बघायला.

मी आता काही लिहीत नाही. तूच लिही.

वीरभद्र


नांदेड,
१८ एप्रिल १९८३

प्रिय वीरभद्र,

उदगीरहून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. लिंगायतांत पत्रिका कधीपासून एवढी कडक पाहू लागले, म्हणून मी चकित होतो. तुझ्या पत्रानं उलगडा झाला.

उमादेवी तुझ्याशी बोलणार नाही. मी तुझी बाजू मांडली म्हणून माझ्याशीही बोलत नाही. दानम्माला मी पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, काका खोटं काय बोलले? ज्यांना असला बाप चालत नाही त्यांच्या घरी मी कशाला जाऊ. तिला शाळेत नोकरी लागली आहे, किनवटला, आश्रमशाळेत. जंगलात जाणार म्हणून आई रडते, आणि मुलगी आईच्या ट्रंकेत पुस्तकं भरते.

पुढच्या वेळी कुणी माझी चौकशी करायला आलं तर आधी एवढंच विचारा, कशासाठी विचारताय? मग बोला.

कावेरीबाईचा अर्ज औरंगाबादच्या खंडपीठात दाखल झाला. सुट्टीनंतर जूनमध्ये सुनावणी आहे. तू येऊ नकोस.

तुझा,
ईश्वरप्पा


लातूर,
२४ जून १९८३

प्रिय ईश्वर,

मी आलो होतो. मागच्या बाकावर, खांबाच्या आड, कावेरीबाईशेजारी बसलो. तू एकदाही मागं वळून पाहिलं नाहीस, म्हणून तुला कळलं नाही. मी गडबड करीन अशी तुला भीती होती. मी केली नाही. 

तीस वर्षं तुला ओळखतो. तुझ्या नावानं बाजारात भाव खातो. पण तुला तुझ्या कामावर मी कधी पाहिलंच नव्हतं.

सरकारी वकील बरे बोलले. मागणी जुन्या जिल्ह्यात होती, कामाची मंजुरी जुन्या जिल्ह्याची, नव्यानं कुणाला काम नाकारलंच नाही, फक्त नव्यानं मागा म्हटलं. मला तर पटायला लागलं. मग तू उठलास. खोकलास. आणि पहिलंच वाक्य बोललास ते असं. माझ्या विरुद्ध जाणारा एक जुना निकाल आहे, माझ्या विद्वान मित्रांच्या, म्हणजे सरकारी वकिलांच्या, नजरेतून सुटला असावा, तो मी आधी कोर्टापुढं ठेवतो. आणि तू तो पुढं केलास. सरकारी वकिलांनी तो हातात घेऊन असं पाहिलं, जसं कुणी वाटेत पडलेला सोन्याचा दागिना परत आणून दिलाय. कावेरीबाईनं माझ्या बरगडीत कोपर मारलं. "ह्यो नेमका कुनाचा हाय?"

मी म्हटलं, बाई, गप ऐक. आतून मीही तेच विचारत होतो.

मग तू त्या निकालाची एकेक घडी उलगडलीस. तिथं कायदा काय होता, इथं काय आहे. तिथं माणसानं सवलत मागितली होती, इथं कायद्यानंच वचन दिलंय. घाई नाही, आवाज नाही. आमच्याकडं चांगला दलाल धान्य तळहातावर घेऊन फुंकर घालतो तसं. कचरा उडाला, दाणा राहिला. थोरले न्यायमूर्ती पुढं झुकले. त्यांनी विचारलं की जुन्या जिल्ह्याचं बंधन नव्यावर आलं हे कशावरून म्हणता? तेव्हा तू जे बोललास ते मी येताना एस.टी.त मराठी करून पाठ करत आलो:

"मायलॉर्ड, नकाशावर रेघ ओढली तेव्हा माळेवाडीची जमीन नव्या जिल्ह्यात आली. शाळा आली, चावडी आली, थकलेला शेतसाराही आला. तो वसूल करताना नव्या जिल्ह्यानं असं म्हटलं नाही की तुमची थकबाकी जुन्या जिल्ह्याकडं राहिली, आता नव्यानं थकवा. येणं सगळं आलं. देणं तेवढं वेशीबाहेर कसं राहिलं?"

 थोरल्या न्यायमूर्तींनी पेन खाली ठेवलं. मग तिथंच निकाल सांगायला सुरुवात केली. जुनी मागणी चालू समजावी, काम द्यावं, मधल्या दिवसांचा भत्ता द्यावा. इंग्रजीत होतं. मी कावेरीबाईला सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, वकिलाला म्हणावं, मी त्या दिवशी जावाई म्हणाले ते मनावर घेऊ नको.

ईश्वर, मी जन्मभर लोकांची टिंगल केली, तुझी सगळ्यांत जास्त केली. काल रस्त्यानं ती सगळी परत घेत आलो. एक ठेवली आहे, ती माझ्या वहीवर पास झालास ती. माझ्याकडं दुसरं काहीच नाही.

तुझा,
वीरभद्र


लातूर,
१७ सप्टेंबर १९८३ (कार्ड)

ईश्वर,

तीन महिने तुझा कागद नाही. कार्ड उघडं असतं, तेव्हा 'त्या' स्थळाचं विचारत नाही. जमलं की मोडलं एवढं लिही. माळेवाडीच्या बायका कामावर लागल्या. भत्ता मिळाला, तहसीलदाराची बदली झाली, आमचं एक गिऱ्हाईक गेलं. व्यंकट रोज विचारतो. शरणप्पा विचारत नाही, पण टपालवाला दिसला की दुकानाबाहेर येतो.

वी.


नांदेड,
१० नोव्हेंबर १९८३

प्रिय वीरभद्र,

राष्ट्रपतींच्या सहीचा हुकूम आला. सोमवारी, एकवीसला मुंबईत शपथ आहे. नंतर औरंगाबादला बसायचं.

मधले महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं जे होतं ते वाईट होतं. सरकारनं शेरा मारला होता की यांची वकिली बरीचशी सरकारविरुद्धची दिसते. मुख्य न्यायमूर्तींनी उलट लिहिलं म्हणे, की दारात कोण आलं याचा दोष वकिलाला देता येत नाही. सरकार आलं असतं तर सरकारचंही काम त्यानं केलं असतं. कावेरीबाईच्या कामातल्या सरकारी वकिलांनीही आपणहून त्यांना काही सांगितलं असं कळतं. पुढं फायलीच्या पोटात काय झालं, ते मला ठाऊक नाही. विचारणार नाही. शेवटचा शब्द ज्यांचा होता त्यांनी तो माझ्या बाजूनं दिला, एवढं खरं.

एक गोष्ट मात्र तुला सांगितलीच पाहिजे. गेल्या आठवड्यात मुंबईत मुख्य न्यायमूर्तींनी चहाला बोलावलं होतं. हसत म्हणाले, तुमच्याबद्दलचा पोलीस अहवाल इतका वाईट होता की मी तो पुन्हा पुन्हा वाचला. त्या बूटवाल्यानं तुम्हा तिघांचं सगळं बोलणं जसंच्या तसं लिहिलं, की एक केस जिंकत नाही, पक्षकार नाहीत, कायदा येत नाही. आणि खाली स्वतःचं मत लिहिलं की बाजारातला प्रत्येक जण या इसमाबद्दल खोटं बोलत आहे. पुढं तो लिहितो, त्यांनी मला कर खात्याचा समजलेलं दिसतं. चहाचे पैसेही घेतले नाहीत. ज्याला वाचवायला व्यापारी स्वतःहून खोटं बोलतात आणि बदल्यात काही मागत नाहीत, असा वकील मी नोकरीत पाहिला नाही. तरी पुढील चौकशीची गरज वाटत नाही. तो बूटवाला मूळचा आपल्या निलंग्याकडचा निघाला.

व्यंकट आणि शरणप्पाला हे सांग. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं प्रशस्तिपत्र आहे ते, आणि तुम्ही बोललात त्यातला एक शब्दही खरा नाही.

आता जे लिहायचं म्हणून हे पत्र घेतलं ते. वीरभद्र, सोमवारनंतर तू मला पत्र लिहू नकोस. घरी येऊ नकोस. कोर्टात आलास तर मी तुला ओळख देणार नाही. तुझं आणि तुझा चुलतभाऊ शिवप्पाचं दुकानामागच्या बोळाचं अपील औरंगाबादलाच पडून आहे. माझ्यापुढं ते आलं तर मी घेणार नाही, दुसऱ्याकडं जाईल. पण शिवप्पानं उद्या बाजारात असं म्हणू नये, की वीरभद्राची पत्रं न्यायाधीशाच्या टेबलावर जातात. तो तसं म्हणाला तर त्याचं चूक ठरवायला माझ्याजवळ काही नसेल. आलेलं पत्र मी न फोडता परत करीन.

हे लिहायला मला चार दिवस लागले. उमादेवी म्हणते, हे माणूस लिहितो की फत्तर. तुझ्याशी आता ती बोलायला तयार आहे, आणि मी नाही.

तुझा,
ईश्वरप्पा


लातूर,
१७ नोव्हेंबर १९८३

प्रिय ईश्वर (रविवारपर्यंत),

शनिवारच्या आत तुला मिळावं म्हणून हे पत्र टपालात न टाकता शरणप्पाच्या पोराच्या हाती नांदेडला पाठवतोय. सोमवारनंतर तू न्यायमूर्ती. त्याआधी मला तुझ्यापुढं एक अर्ज मांडायचाय. वकील नेमलेला नाही, मीच बोलतो. पहिल्या वर्षात कॉलेज सोडलं, तेवढ्यावर जेवढं जमेल तेवढं.

तुझं पत्र वाचून मी पहिला दिवस तुला शिव्या दिल्या. गुरम्मानं ऐकून घेतल्या. दुसऱ्या दिवशी उदगीरकरांना मी तुझ्याबद्दल काय काय सांगितलं होतं ते आठवलं. सोयरा दारात आला तर ओसरीवरून परत. तेव्हा मी ते छाती फुगवून सांगत होतो. ओसरीवर मीच उभा असेन हे ध्यानात नव्हतं. तुझा अभिमान वाटायचा असेल तर मला तो ओसरीवर उभं राहून वाटायला पाहिजे. ठीक आहे. वाटतो.

तिसऱ्या दिवशी मी शिवप्पाच्या घरी गेलो. सख्ख्या चुलत्याचा पोरगा, एकमेकांच्या दारातून जाताना आम्ही नऊ वर्षं मान फिरवतो. मी म्हटलं, बोळ तुझा. तो मला आत घेईना. म्हणाला, खालच्या दोन्ही कोर्टांत तू जिंकलास, आता वर तुझा दोस्त बसतोय, आणि आता सोडतोस? यात काय डाव हाय? मी म्हटलं, डाव हाच आहे, की वर दोस्त बसतोय. त्याला ते उमगेना. आपल्या वकिलाला विचारून आला, भावजीला विचारून आला. शेवटी त्याची म्हातारी आतून म्हणाली, "आरं, देतोय तर घी की. त्याचं डोस्कं फिरलंय, ताळ्यावर याच्या आधी सही घी." सही झाली. नंतर त्यांनी जेवायला बसवलं. गूळ घालून गव्हाची हुग्गी केली होती. शिवप्पा वाढताना दोनदा म्हणाला, बोळातून तुझी हातगाडी जाऊ दे की, मी कुठं अडवतो? मी नको म्हटलं. आपलेपणानं दिलेली वाट उद्या पुन्हा दावा होते. ते मी तुझ्याकडूनच शिकलोय.

तडजोडीचा अर्ज औरंगाबादला दाखल होतोय. आता माझा कोणत्याही कोर्टात दावा नाही, अपील नाही, साक्षसुद्धा नाही. गोलाईत असा माणूस मी एकटाच असेन, लोक बघायला येतात.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. तूच लिहिलं होतंस की कायदा वाचायचा तर आधी बघावं तो कशासाठी केला. मी पत्र लिहू नये, ही मनाई तू माझा दावा होता म्हणून घातलीस. दावा गेला. कारण गेल्यावर नुसती मनाई शिल्लक राहते का? माझ्या विरुद्ध जाणारा निकाल असेल तर तूच दाखव. तुला ती सवय आहे.

अर्जदार,
वीरभद्र निटुरे, भुसार व्यापारी


औरंगाबाद,
२७ नोव्हेंबर १९८३ (कार्ड)

श्री. वीरभद्र निटुरे यांस,

अर्ज वाचला. अर्जदाराचा युक्तिवाद अर्ज ऐकणाऱ्याला अपेक्षेहून बरा वाटला. शपथेच्या वेळी अर्जदार मुंबईत सर्वांत मागच्या रांगेत खांबाआड उभा होता, याची नोंद घेतली आहे.

अर्ज अंशतः मंजूर. अर्जदारानं पाऊसपाणी, गुरम्मावहिनींचे गुडघे, आणि दानम्मासाठी एखादं न घाबरणारं स्थळ, एवढ्यापुरतं लिहावं. बाजारातल्या कुणाच्याही दाव्याचा किंवा शिफारशीचा एक शब्द आल्यास परवानगी आपोआप संपेल.

बोळ गेल्यामुळं हातगाडी आता गोलाईला वळसा घालून न्यावी लागत असेल, हे या कार्यालयाला कळतं.

खर्च ज्याचा त्यानं सोसावा.

ईश्वर